पाटीवर नसलेलं नाव

गौतम,

तू गेल्याचं मला आमच्या इमारतीच्या जिन्यात कळलं. तिसऱ्या मजल्यावरचे जोशी खाली उतरत होते, मी भाजी घेऊन वर चढत होतो. त्यांचा मुलगा हिंजवडीला तुझ्या लेकीच्या, सुजाताच्याच कंपनीत आहे. ‘अहो, तुमचे ते असिस्टंट गेले म्हणे,’ ते म्हणाले. ‘येरवड्याचे. वाईट झालं. तुमचा उजवा हातच गेला की.’

मी म्हणालो, ‘हो ना.’

आमच्या सदाशिव पेठेत लोक दुसऱ्याची चूक दाखवायला जन्माला येतात, आणि मी त्यांतला वरच्या वर्गातला. दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर आत जाऊन सांगून येणारा. पण तू माझा असिस्टंट होतास हे वाक्य मी तसंच राहू दिलं, वर आलो आणि मेथीची जुडी शैलाच्या हातात दिली. तू मंगळवारी गेलास. आज शुक्रवार आहे. तीन दिवस ते ‘हो ना’ माझ्याबरोबर घरात फिरतंय.

म्हणून आधी मुद्द्याचं लिहून टाकतो, नाहीतर आठवणींच्या आडोशाला मी पुन्हा लपेन. ज्या सिनेमाच्या पार्श्वसंगीतामुळे लोक मला ओळखतात, त्यातला एकही सूर माझा नाही. चाली तुझ्या, कुठे वाजवायचं ते तुझं, कुठे गप्प बसायचं तेही तुझंच. मी ते कागदावर उतरवलं, एवढंच. पडद्यावरच्या पाटीवर माझं नाव आलं ते चुकून आलं. राहिलं ते मात्र चुकून नाही. आणि त्याबद्दल मी तुझी एकदाही माफी मागितली नाही.

रविवारी तुमच्या विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. सुजातानं फोन करून बोलावलंय. तिथं उभं राहून हे सगळं चारचौघांत सांगायचं, असं मी ठरवलंय. ठरवलेलं माझ्या हातून किती होतं, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. म्हणून आधी तुला लिहितोय.

आपली भेट माझ्या टेपरेकॉर्डरमुळे झाली. तो टेप खायला लागला होता. बँक सुटल्यावर मी तो काखोटीला मारून बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत आलो. अंधाऱ्या जिन्यानं वर गेलं की एक माणूस जेमतेम बसेल एवढी तुझी जागा. भिंतीला लागून दुरुस्तीला आलेले आठ-दहा टीव्ही. त्यांतल्या एकावर चित्र होतं, आवाज नव्हता. कुठल्याशा जुन्या सिनेमातली बाई एसटी स्टँडवर कुणाची तरी वाट बघत होती, आणि तू मांडीवर गिऱ्हाइकाचा कीबोर्ड घेऊन तिच्या त्या वाट बघण्याखाली काहीतरी वाजवत होतास. कीबोर्डला मालकाच्या नावाची चिठ्ठी दोऱ्यानं बांधलेली होती. दोनच सूर होते, आलटून पालटून. मी दारातच थांबलो. मी दहा वर्षं व्हायोलिन शिकलेला, विशारद झालेला माणूस. पण ती बाई कुणाची वाट बघतेय हे मला त्या दोन सुरांनी सांगितलं.

‘आवाज गेलाय का याचा?’ मी विचारलं.

‘गेला होता. कालच नीट केला,’ तू वर न बघता म्हणालास. ‘मीच बंद ठेवलाय.’

तीच तुझी शाळा. आवाज गेलेला सेट आला की तू तो लगेच उघडायचा नाहीस. चार दिवस तसाच लावून ठेवायचास आणि जे दिसेल त्याला संगीत द्यायचास. सिनेमा असो, बातम्या असोत, शेतकऱ्यांसाठी खतांची माहिती असो. कीबोर्ड तर दुरुस्त होऊनही तुझ्याकडे आठवडा-आठवडा राहायचे. मालक जिन्यातूनच ओरडायचा, ‘झाला का?’ आणि तू म्हणायचास, ‘टेस्टिंग चालूय.’ पुण्यातल्या निम्म्या ऑर्केस्ट्रांच्या वाद्यांवर तू फुकटात शिकलास. गुरू नाही, क्लास नाही, परीक्षा नाही. सारेगम कशाला म्हणतात हे तुला माझ्याकडून कळलं, आणि कळल्यावर तू म्हणालास, ‘एवढंच होय?’

मी तुला दुसऱ्या दिवसापासून अरे-तुरे करायला लागलो. तू मला शेवटपर्यंत अहो म्हणालास, श्रीकांतराव म्हणालास. वयानं आपण बरोबरीचे. हे असं का, याचा विचार मी परवापर्यंत केला नव्हता. विचार करावा लागत नाही, ही आमची मोठी सोय आहे.

रविवारी आणि बँकेच्या सुट्ट्यांना मी तुझ्याकडे येऊन बसायला लागलो. शैला म्हणायची, ‘तिथं काय ठेवलंय एवढं?’ मी तिला सांगायचो, एका मेकॅनिकला संगीत शिकवतोय. खरं म्हणजे शिकत मी होतो. तुझं एक वाक्य मला तेव्हा विचित्र वाटलं होतं आणि पुढे मी ते जन्मभर वापरलं: ‘माणूस रडतो तिथं वाजवायचं नाही. रडून झाल्यावर तो नाक पुसतो ना, तिथं वाजवायचं.’ मी वाद घालायचो. मला प्रत्येक दुःखाखाली व्हायोलिनं हवी असायची, आणि तीही सुरेल.

‘हा सूर इथं बसत नाही,’ मी म्हणायचो.

‘वाजला की आत्ता.’

‘वाजला रे. शास्त्रात बसत नाही.’

‘राहू द्या उभा. त्या बाईलापण कुठं बसायला मिळतंय घरात.’

माझी आई गेली तेव्हा तू घरी आला होतास. बाकीचे लोक ‘वय झालं होतं’ म्हणून गेले. तू कोपऱ्यात बसून राहिलास, आणि निघताना विचारलंस, आवाज ठेवलाय का कशात? एक कॅसेट होती. आईनं तीत आरत्या म्हटल्या होत्या, मधेमधे माझ्याशी बोलली होती. पण तिची टेप गुंतून चोळामोळा झाली होती. तू ती घेऊन गेलास. दोन दिवस दुकानाचं काम बाजूला ठेवून, ब्लेडनं कापत, चिकटवत, टेप सरळ केलीस. परत देताना तुझा चेहरा पडलेला होता. ‘एका ठिकाणी त्या तुम्हाला हाक मारतात,’ तू म्हणालास. ‘तिथला बोटभर तुकडा गेला. नुसतं “कांत” ऐकू येतं. माफ करा, श्रीकांतराव.’ बोटभर टेपसाठी तू माफी मागितलीस. ती कॅसेट अजून चालते. त्याबद्दल मी तेव्हा तुला काय म्हणालो ते आठवत नाही; बहुधा चहा घेणार का, असं विचारलं असेन. आज म्हणतो, तुझे उपकार आहेत, गौतम. आईचा आवाज तू मला दिलास.

मग तो सिनेमा आला. त्याचे निर्माते आमच्या बँकेचे खातेदार. स्वतःच दिग्दर्शक, स्वतःच सगळं. बंद पडलेल्या कारखान्यातल्या कामगाराची गोष्ट होती. रोज सकाळी तो डबा घेऊन निघतो, कुलूप लागलेल्या गेटसमोर दिवस काढतो आणि संध्याकाळी घरी येतो. घरी सांगितलेलंच नाही. त्या वर्षांत पिंपरी-चिंचवडकडे असे बाप खरोखरच होते. एकीकडे परदेशी माल येत होता, नवीन काचेच्या इमारती उठत होत्या, आणि दुसरीकडे हे लोक चेहऱ्यावर काही न दाखवता डबे खात होते. मी निर्मात्यांना म्हणालो, संगीताचं बघतो मी. ‘मी’ म्हणालो, कारण तुला ते ओळखत नव्हते. पुढेही सगळं बोलणं माझ्यामार्फत झालं. त्यांच्या लेखी तू कायम ‘तो टीव्हीवाला’.

सिनेमाची कॅसेट तुझ्याकडे आली, आणि तू पहिली गोष्ट केलीस ती आवाज बंद करण्याची. सात रविवार आपण बसलो. तू गुणगुणायचास, पेचकसानं टेबलावर ठेका धरायचास, आणि मी लिहून घ्यायचो. बायकोला खरं कळतं तो प्रसंग आठव. ती रडते तिथं मी चार व्हायोलिनं घालून ठेवली होती. तू ती काढायला लावलीस. सबंध रडण्याखाली काही नाही. मग ती पदरानं नाक पुसते, उठते आणि उद्याच्या डब्याचं झाकण शोधायला लागते. तिथं तू एका व्हायोलिनच्या खालच्या तारेवर चार सूर दिलेस. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी ते मी वाजवले. काचेपलीकडून तू मान हलवत होतास. माझ्या आयुष्यात मी त्याहून चांगलं काही वाजवलेलं नाही.

आता त्या चुकीचं. ध्वनिमुद्रणाला आलेल्या वादकांना लिहिलेले कागद लागत. तुला सूर लिहिता येत नव्हते, मला येत होते. आमच्या गुरुजींच्या क्लासात एक नियम होता: कागद समोर घेतला की उजव्या कोपऱ्यात आधी पूर्ण नाव, मग सूर. नाव नसलेला कागद गुरुजी न बघता फाडायचे. त्या धाकानं मला अशी सवय लागली होती की वाण्याच्या यादीवरही माझं नाव पडायचं. तुझ्या संगीताचे सगळे कागद मी तसेच लिहिले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात माझं नाव, सुवाच्य अक्षरात. पाट्या करणाऱ्या माणसानं ते बघितलं आणि उतरवून घेतलं. तुझं नाव आलं बरंच खाली, वायरमनच्या जवळ: ‘ध्वनिसाहाय्य – गौतम’. आडनावसुद्धा नाही.

सिनेमा पहिल्यांदा दाखवला तेव्हा आपण शेजारी बसलो होतो. पडद्यावर माझं नाव आलं आणि मी तुझ्याकडे बघितलं नाही. संपल्यावर निर्मात्यांना गाठून मी म्हणालो, ‘अहो, पाटीत चूक झालीय. संगीत गौतमचं आहे.’ एवढं मी म्हणालो, हे मला स्वतःच्या बाजूनं सांगावंसं वाटतं. ते म्हणाले, ‘प्रिंटा निघाल्या आता. आणि खरं सांगू का, तुमचंच नाव शोभतंय. संगीत म्हटल्यावर असं आडनाव दिसलं की लोकांना खात्री वाटते.’

मला त्या वाक्याचा संताप यायला हवा होता. मला ते ऐकून बरं वाटलं. अगदी आतून बरं वाटलं, गौतम. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बाहेर येऊन मी तुला म्हणालो, ‘पुढच्या प्रिंटला बदलणार आहेत.’ तू म्हणालास, ‘बरं.’ पुढच्या प्रिंटा निघाल्या, आणि पाटी तीच राहिली.

मग त्या संगीताला बक्षीस जाहीर झालं. मी सिल्कचा झब्बा घालून व्यासपीठावर गेलो. भाषणात गुरुजींचे आभार मानले, आईची आठवण काढली, शैलाच्या सोशिकपणाचं कौतुक केलं, आणि शेवटी म्हणालो, ‘माझे सहकारी गौतम यांचाही उल्लेख करायला हवा.’ उल्लेख! तू तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यास. दुसऱ्या दिवशी मला तुझ्या दुकानाचा जिना चढायला फार वेळ लागला. तू चहा मागवलास आणि म्हणालास, ‘झब्बा चांगला होता.’

यानंतर जे झालं त्याला चूक म्हणायचीही सोय नाही. कामं माझ्याकडे यायला लागली. दोन मालिका आणि आणखी एक सिनेमा. कॅसेट मी तुझ्याकडे आणायची, संगीत तू करायचं, लिहायचं मी आणि नाव माझं. मी स्वतःला समजावलं की तुला निदान काम तरी मिळतंय. एकदा लाज वाटून मी कागदाचा कोपरा कोरा सोडला. तू तो कागद बघितलास आणि माझ्या हातात पेन दिलंस. ‘नाव घाला की. सवय मोडेल.’ असं बोलायला तू कुठल्या पेठेत शिकलास कोण जाणे. मी नाव घातलं.

आपलं भांडण झालं ते अमृततुल्यात, आणि त्याला भांडण तरी कसं म्हणू? तू आवाजही चढवला नाहीस. सुजाता तेव्हा सातवीत होती. तिनं वर्गात सांगितलं होतं की त्या सिनेमाचं संगीत आपल्या वडिलांनी दिलंय. बाई म्हणाल्या, खोटं बोलू नये, आणि सगळ्यांसमोर तिला उभं करून माझं नाव सांगितलं. पोरगी दोन दिवस शाळेत गेली नव्हती.

‘मला बक्षीस नको,’ तू म्हणालास. ‘सिनेमा नको. फक्त एकदा सांगा. कुठंही. पेपरात चार ओळी लिहा, नाहीतर तिच्या शाळेत येऊन सांगा. तिला खोटारडी म्हणू नये कुणी, एवढंच.’

‘सांगू रे,’ मी म्हणालो. ‘योग्य वेळ आली की सांगू.’

‘कुणाची योग्य वेळ?’ तू विचारलंस. ‘तुमची का माझी?’

मी म्हणालो, ‘बघतो.’ तू कप खाली ठेवलास आणि उठलास. त्यानंतर मी आणलेली कॅसेट तू कधी घेतली नाहीस. प्रत्येक वेळी म्हणायचास, दुकानात गर्दी आहे. गर्दी कसली? टीव्ही स्वस्त झाले होते. बिघडला की लोक नवा आणत होते, आवाज गेलेला सेट कुणी जिना चढून आणत नव्हतं. तुझी शाळाच बंद पडली. भिंतीकडेचे सेट एकेक करून भंगारात गेले आणि त्या जागी तू एक कॉम्प्युटर जुळवलास, स्वतःच्या हातानं, सुटे भाग आणून. त्यावर संगीत करायलाही स्वतःच शिकलास. सिनेमावाल्यांना तुझं नाव माहीत नव्हतं, ते माझ्याकडेच होतं. म्हणून तुला मिळाल्या त्या कंपन्यांच्या फिल्मा. नवीन भरती झालेल्या मुलांना दाखवायच्या. एकदा फोनवर म्हणाला होतास, ‘सगळ्या फिल्मांत एकच माणूस हसतो, श्रीकांतराव. काचेसमोर उभा राहून. नाक कुणीच पुसत नाही.’ आपण दोघंही हसलो होतो. तुझी ताकद केवढी मोठी होती आणि तू कशाला संगीत देत होतास! आणि ते माझ्यामुळे, हे मला त्या हसण्यातही कळत होतं.

मी तोवर बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन क्लास काढला होता. व्हायोलिन, आणि सुट्टीत पार्श्वसंगीताची कार्यशाळा. मुलं लांबून येतात. पहिल्या दिवशी मी त्यांना तो प्रसंग दाखवतो, डब्याच्या झाकणाचा, आणि सांगतो की माणूस रडतो तिथं वाजवायचं नाही. मुलं वहीत उतरवून घेतात. खाली माझं नाव लिहितात.

दोन महिन्यांपूर्वी तुला रुग्णालयात बघायला आलो तो सांगायचंच असं ठरवून आलो होतो. तुझे पाय सुजले होते, हाताला सुई होती. मी स्टुलावर बसलो आणि बोलायला लागलो. बंडगार्डन पुलावरची गर्दी, रुग्णालयाच्या आवारात गाडी लावायला जागा नाही, तुमच्या कँटीनचा चहा. अर्धा तास मी पार्किंगवर बोललो. तू ऐकून घेतलंस. मग विचारलंस, ‘क्लास कसा चाललाय?’

‘बरा आहे.’

‘ती नाक पुसायची गोष्ट सांगता का पोरांना?’

‘सांगतो,’ मी म्हणालो.

तू पुढचं विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी खोटं बोललो असतो, असं मला वाटतं. तुलाही तेच वाटलं असावं. तू डोळे मिटून घेतलेस. मी तुझ्या पायांवरची चादर नीट केली आणि निघालो. माफ कर, या दोन शब्दांना किती वेळ लागतो? मी लिफ्टची वाट बघण्यात त्याहून जास्त वेळ उभा होतो.

इथवर शुक्रवारी लिहिलं होतं. आज सोमवार.

काल मी विहारात आलो होतो. पांढरा सदरा घातला होता. वंदना झाली, तुझ्या फोटोला फुलं वाहिली गेली. तुझ्या गल्लीतले लोक बोलले. कुणाचा टीव्ही तू फुकट करून दिलास, कुणाच्या मुलाला कॉम्प्युटर जुळवायला शिकवलंस. मग सुजातानं माझं नाव घेतलं. मी उभा राहिलो. मी बोललो, गौतम. सगळं बोललो. कागदाचा कोपरा, निर्मात्यांचं वाक्य, ते वाक्य ऐकून मला बरं वाटलं होतं हे, आणि सातवीतल्या सुजाताची शाळासुद्धा. बोलून झाल्यावर मी मान खाली घालून उभा राहिलो. वाटलं, आता कुणीतरी उठेल, शिव्या देईल. मला ते हवंसं वाटत होतं.

तसं काही झालं नाही. कुणाला धक्काही बसला नव्हता. पुढच्या सतरंजीवर तुझी आत्या बसली होती. ती म्हणाली, ‘बसा आता, गुरुजी. किती वेळ उभं ऱ्हाणार? आमाला ठावं हाय की ते समदं.’

चहाच्या वेळी सुजाता जवळ आली. मी तिला विचारलं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?

‘काका, तो पिक्चर टीव्हीवर लागला की आमच्याकडे वीस-पंचवीस माणसं जमायची,’ ती म्हणाली. ‘तुमच्या नावाची पाटी यायची वेळ झाली की बाबा उठून आत पाणी प्यायला जायचे. मग आम्ही सगळे खाली बघायचो. पाटी गेली की आत्याआजी हाक मारायची, ये रं, गेली. मग ते येऊन बसायचे.’

‘पण मला कधी कुणी एका शब्दानं बोललं नाही.’

‘बाबांनीच सांगून ठेवलं होतं. श्रीकांतरावांना कुणी काही विचारायचं नाही, म्हणायचे. ते स्वतःच सांगणार आहेत.’ ती ऑफिसात बोलतात तसं अगदी शांतपणे बोलत होती. ‘पण इथं सांगून काय उपयोग, काका? इथं कुणाला नवीन आहे? तुमच्याकडं सांगा.’

मी रिक्षानं घरी आलो. वाटेत काय विचार केला ते लिहीत नाही, कारण फारसा केलाच नाही. जिन्यात जोशी भेटले असते तर तिथंच सांगितलं असतं, असं वाटतं; पण ते भेटले नाहीत. शैला गॅलरीत कपडे काढत होती. कसा झाला कार्यक्रम, म्हणून तिनं विचारलं. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि विहारात बोललो ते सगळं पुन्हा बोललो. तिथल्यापेक्षा इथं जड गेलं. तेवीस वर्षांच्या संसारात तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. भिंतीवरचं मानपत्र ती दर दिवाळीला स्वतः पुसते.

तिच्या मांडीवर वाळलेले कपडे तसेच होते. मी थांबल्यावर बराच वेळ ती त्यातल्या एका टॉवेलच्या घड्या करत राहिली, मोडत राहिली. मग म्हणाली, ‘त्या बक्षिसाच्या दिवशी तो माझ्याच शेजारी बसला होता.’

मी म्हणालो, असेल.

‘असेल नाही. होता. तुम्ही व्यासपीठावरून बोलत होतात, आणि मी त्याला म्हणाले, “गौतम, तुम्हीसुद्धा यांच्याकडून काहीतरी शिकून घ्या हो. असे गुरू परत मिळायचे नाहीत.”’ तिनं टॉवेल बाजूला ठेवला. ‘तो म्हणाला, “हो, वहिनी.” आणि टाळ्या वाजवायला लागला.’